आपत्काल आणि ख्रिस्ती जीवनातील सारासारविवेक

एरंडोलच्या श्रोत्यांपुढे ख्रिस्ती जीवनाविषयी काही सांगायचे म्हटले म्हणजे एक प्रश्न कोणी न विचारताही उभा राहतो. ज्या गावचा माणूस अडचणीत सापडला की पद्मालयाच्या गणपतीला नवस बोलतो, त्या गावाने परक्या वाटणाऱ्या धर्मातील हा विचार कशासाठी ऐकावा? माझे उत्तर असे की, धर्म कोणताही असो, त्यात मुख्य काय आणि आनुषंगिक काय हे ओळखण्याची वेळ सर्वांवरच येते, आणि ती बहुधा वाईट दिवसांत येते. शिवाय ज्यांच्या आयुष्यात ही पारख झालेली आपण पाहणार आहोत ती माणसे मुळीच परकी नाहीत. ती मराठी बोलणारी, आपल्याच दुष्काळांतून आणि आपल्याच प्लेगातून गेलेली माणसे आहेत. त्यांपैकी एकाच्या घरात तर आपल्या शेजारच्या धरणगावचा एक मुलगा लेकरासारखा राहिला. त्याची हकीकत पुढे येईलच.

ख्रिस्ती धर्मग्रंथात या प्रश्नाची सर्वांत स्पष्ट मांडणी एका कैद्याच्या पत्रात सापडते. तुरुंगातून बाहेर आलेला धर्मविचार खानदेशाला नवा नाही. १९३२ साली धुळ्याच्या तुरुंगात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचने दिली आणि साने गुरुजींनी ती उतरून घेतली, हे येथे सर्वांना ठाऊक आहे. संत पौल हाही असाच एक बंदिवान. परंपरेप्रमाणे रोम शहरातून, पहिल्या शतकात, त्याने फिलिप्पै नावाच्या दूरच्या नगरातील लहानशा ख्रिस्ती मंडळीला पत्र पाठविले. आपल्या खटल्याचा निकाल काय लागणार, जीव राहणार की जाणार, हे त्याला माहीत नव्हते. अशा वेळी तो त्या मंडळीसाठी देवाजवळ काय मागतो? संकट टळो असे नाही, सुबत्ता येवो असेही नाही. तुमचे प्रेम वाढत जावे, पण ते ज्ञानाने आणि समजुतीने वाढावे, म्हणजे श्रेष्ठ काय ते तुम्हांला पारखता येईल, अशा अर्थाचे त्याचे मागणे आहे. मूळ ग्रीक भाषेत येथे जे क्रियापद वापरले आहे ते धातू किंवा नाणे पारखून घेण्यालाही लावीत असत. सराफकट्ट्यावर जे होते तेच येथे अभिप्रेत आहे. चकाकणारे सगळेच पुढे ठेवलेले असते; त्यातले खरे कोणते, ते पाहायचे.

या मागण्यातला क्रम ध्यानात घेण्यासारखा आहे. आधी प्रेम आणि मग विवेक. आपण सामान्यतः उलट धरून चालतो. आधी नीट विचार करू, पात्रापात्र ठरवू आणि मग माया करू, असे आपले चालते. पौलाच्या मते ज्याच्या मनात माया नाही त्याच्या हाती ही कसोटीच येत नाही. दुसरे असे की, ही पारख त्याने प्रथम स्वतःवर चालविली. त्याच पत्रात तो आपले कुळ, आपला वंश, नियमशास्त्रातील आपला काटेकोरपणा यांची यादी देतो, आणि हे सारे एकेकाळी मला लाभाचे वाटत होते, आता ते मी तोट्याच्या खाती मांडतो, असे सांगतो. तो तुरुंगात असताना बाहेर काही लोक केवळ त्याच्या मत्सराने धर्मोपदेश करीत हिंडत होते. त्यांच्याविषयीही तो म्हणतो की, हेतू कसाही असो, काम होत आहे ना, मग मला आनंदच आहे. संस्थेच्या कामात ज्यांनी चार वर्षे काढली आहेत त्यांना हे वाक्य किती जड आहे ते कळेल.

बरे दिवस असतात तेव्हा अशा कसोटीची गरजच भासत नाही. धर्मातील लहानमोठ्या सर्व गोष्टी एकाच ओळीत, एकाच मानाने बसलेल्या असतात. ख्रिस्ती इतिहासात बाप्तिस्मा पाणी शिंपडून द्यावा की बुडवून, प्रभुभोजनाची भाकर खमिराची असावी की बिनखमिराची, अशा वादांवर शतकेच्या शतके खर्च झाली, मंडळ्या फुटल्या. हिंदू श्रोत्याने यावर हसण्याचे कारण नाही. लक्ष्मीबाई टिळकांनी ‘स्मृतिचित्रे’त आपल्या वडिलांच्या सोवळ्याचे जे वर्णन केले आहे ते आठवावे. बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्यावाचून त्या घरात येत नसे, मग ती मिठासारखी पाण्यात विरघळणारी का असेना! पण लक्ष्मीबाईंनी त्याचे कारणही सांगितले आहे. १८५७ च्या धामधुमीत घरातील वडीलधाऱ्या माणसाला फाशी गेलेले पाहिल्यावर वडिलांच्या मनाने हा सोवळ्याचा आश्रय घेतला. म्हणजे संकट आले की माणूस सार धरतोच असे नाही. पुष्कळदा तो टरफल अधिक घट्ट धरतो. म्हणून ‘आपत्ती माणसाला शहाणे करते’ हे वचन मी फारसे खरे मानीत नाही. आपत्ती फक्त निवड करायला लावते.

ही निवड मराठी मुलुखात ज्या बाईला दोनदा, आणि दोन्ही वेळा दुष्काळातच करावी लागली, ती बाई म्हणजे पंडिता रमाबाई. त्यांचा जन्म १८५८ चा. वडील अनंतशास्त्री डोंगरे हे मोठे विद्वान. बायकोला व मुलींना संस्कृत शिकविले म्हणून लोकांचा रोष पत्करलेले. हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडे. १८७६–७७ च्या भयंकर दुष्काळात ते मद्रास इलाख्यात सापडले. जवळचा पैसा व्रते, दाने आणि ब्राह्मणभोजने यांत गेला होता. दागिने गेले, भांडी गेली. मजुरी करावी तर शास्त्र्याच्या कुळाला ती शोभत नव्हती, आणि भीक मागण्याची लाज वाटत होती. अखेर रानात पाला आणि पाणी यांवर अकरा दिवस काढल्यावर वडिलांनी जलसमाधी घेण्याचे ठरविले. तेव्हा थोरला भाऊ श्रीनिवास म्हणाला की, मी कुळाचा अभिमान सोडतो आणि हमाली करतो. तो निर्णय योग्य होता, पण फार उशिरा झाला. वडील लवकरच गेले, पाठोपाठ आई गेली, बहीण गेली.

पुढे रमाबाईंनी हा प्रसंग स्वतः लिहून ठेवला. त्यांच्या साऱ्या आयुष्याकडे पाहण्याची किल्ली मला या एका प्रसंगात दिसते. वडील वाईट नव्हते, ढोंगी तर नव्हतेच. त्यांनी शास्त्राप्रमाणे जे जे करावे ते सर्व केले. फक्त जीव आणि प्रतिष्ठा यांत आधी काय, हे ठरविण्याची वेळ आली तेव्हा त्यांना ते ठरविता आले नाही. रमाबाई त्या वेळी एकोणीस वर्षांच्या आसपास होत्या. त्या पुढे कलकत्त्यास गेल्या, ‘पंडिता’ ही पदवी मिळाली, लग्न झाले, दोन वर्षांच्या आत वैधव्य आले, पदरी मनोरमा नावाची लहान मुलगी राहिली. १८८३ साली त्या इंग्लंडला गेल्या आणि तेथे वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

येथून पुढची कथा आपल्याकडे बहुधा अर्धीच सांगितली जाते. रमाबाई ख्रिस्ती झाल्या एवढे सांगून लोक थांबतात, मग त्यात कोणाला आनंद असतो आणि कोणाला राग. परंतु बाप्तिस्मा घेतल्याबरोबर त्यांचे आपल्या इंग्रज गुरुभगिनींशी मतभेद सुरू झाले, ही गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. मंडळीने ठरविलेले प्रत्येक मत आपण डोळे मिटून मान्य केले पाहिजे, हे त्यांना पटेना. एका पुरोहितवर्गाच्या जोखडातून महत्प्रयासाने मान सोडविली, ती दुसऱ्याच्या जोखडात घालण्यासाठी नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे का, आपल्या देशाची भाषा का नको, हा त्यांचा प्रश्न होता. शाकाहार त्यांनी सोडला नाही. सिस्टर जेराल्डीन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार उपलब्ध आहे. तो वाचताना जाणवते की, ही बाई ख्रिस्ताकडे गेली होती, इंग्लंडकडे नव्हे.

१८८९ च्या मार्चमध्ये त्यांनी मुंबईस शारदासदन काढले आणि पुढच्या वर्षी ते पुण्याला नेले. उच्चवर्णीय हिंदू विधवांना शिकवून पायावर उभे करणे हा त्याचा हेतू होता. पैसा मुख्यतः अमेरिकेतून येई आणि तो दहा वर्षांपुरता कबूल झालेला होता. पहिल्या विद्यार्थिनींत गोदूबाई नातू होत्या. त्याच पुढे धोंडो केशव कर्व्यांच्या पत्नी आनंदीबाई झाल्या, आणि त्या शेवटपर्यंत हिंदूच राहिल्या. पण १८९३ साली वाद पेटला. रमाबाई आपल्या खोलीत प्रार्थना करीत, दार उघडे असे, काही मुली जाऊन बसत. ‘केसरी’ने कडक टीका केली. रानडे, भांडारकर यांसारखे हितचिंतक सल्लागार मंडळातून बाहेर पडले. पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. या वादात दोन्ही बाजूंना काही बोलण्यासारखे होते. पालकांनी मुली ज्या विश्वासाने ठेवल्या त्याचे काय, हा प्रश्न खोटा नव्हता. आणि स्वतःच्या घरात दार बंद करून चोरासारखी प्रार्थना करावी काय, हा रमाबाईंचा प्रश्नही खोटा नव्हता.

त्यानंतर १८९६ चा दुष्काळ आला. मध्य प्रांतात हाहाकार उडाल्याच्या बातम्या पुण्यास येऊ लागल्या. पोरक्या मुली आणि तरुण विधवा रस्त्यावर पडल्या आहेत, गरीबखान्यांत आणि खडी फोडण्याच्या कामांवर त्यांची अब्रू सुरक्षित नाही, असे कळले. रमाबाईंपुढे दुसऱ्यांदा तोच सवाल उभा राहिला. त्यांच्या हाती एक नीट बसविलेली शाळा होती. तिची घटना, तिचे वर्गणीदार, तिचा विशिष्ट वर्ग ठरलेला होता. दुष्काळातल्या मुली कोणत्याही जातीच्या, आजारी, उवा-खरजेने भरलेल्या, अक्षरशत्रू. त्या आणल्या तर शाळेची घडी विसकटणार. पैसा तर नव्हताच. रमाबाई स्वतः मध्य प्रांतात गेल्या आणि पहिल्या फेऱ्यांत मिळून सुमारे तीनशे मुली व बायका घेऊन आल्या. वीस वर्षांपूर्वी श्रीनिवासाने जो निर्णय उशिरा केला होता तो बहिणीने या वेळी वेळेवर केला.

आणल्या, पण ठेवायच्या कोठे? पुण्यात प्लेगचा बंदोबस्त चालू होता. एवढ्या जणींना शहरात ठेवणे शक्य नव्हते. पुण्यापासून दौंडच्या बाजूला केडगाव स्टेशनाजवळ रमाबाईंनी थोड्याच वर्षांपूर्वी जमीन घेऊन फळझाडे लावली होती. दहा वर्षांची अमेरिकन मदत संपल्यावर बागेच्या उत्पन्नावर शाळा चालवावी हा त्यात हिशेब होता. त्या बागेत आता राहुट्या आणि झोपड्या उभ्या राहिल्या. मुक्तिसदन म्हणून जे पुढे जगाला माहीत झाले ते असे, कोणताही आराखडा नसताना, नाइलाजाने सुरू झाले. १८९९–१९०० साली संवत १९५६ चा, गुजराथेत ‘छपनिया’ म्हणून ओळखला गेलेला दुष्काळ पडला. आपल्या खानदेशालाही त्याने सोडले नाही. त्या वेळी केडगावची वस्ती दीड-दोन हजारांच्या घरात गेली.

एवढ्या माणसांना खायला घालणे हे दयेचे काम वाटते. प्रत्यक्षात ते विहिरींचे, जळणाचे आणि वेळापत्रकाचे काम असते. रमाबाईंनी विहिरी खणविल्या, शेती केली, गुरे ठेवली. मुलींना विणकाम, शिवणकाम, धुलाई, तेलाचा घाणा, दुग्धशाळा, छापखाना अशी कामे शिकविली. आंधळ्या मुलींना ब्रेल लिपी शिकविली. समाजाने टाकलेल्या बायकांसाठी कृपासदन निराळे काढले. माझ्या मते केडगावचा मोठेपणा दोन हजारांना जेवू घातले यात नाही, कारण तेवढे सदावर्तातही होते. ज्या मुलीला कोणी नाव विचारले नव्हते तिला हाताला धंदा आणि डोळ्यांना अक्षर मिळाले. भुकेल्याला अन्न देऊन आपण त्याचे पोट वाचवितो. माणूस वाचवायला त्याहून अधिक काही लागते, हे त्यांना स्वतःच्या उपासमारीतून कळले होते.

प्लेगच्या वेळची एक गोष्ट सांगितली पाहिजे, कारण ती सहसा विसरली जाते. १८९७ च्या मे महिन्यात रमाबाईंनी मुंबईच्या एका ख्रिस्ती वृत्तपत्रात पत्र लिहून पुण्याच्या प्लेग रुग्णालयातील आणि विलग छावण्यांतील स्त्रियांच्या हालांविषयी उघड तक्रार केली. आपल्या सदनातील एका मुलीची त्यात काय गत झाली तेही लिहिले. राज्यकर्ते त्यांच्याच धर्माचे. त्यांच्या संस्थेला मदत करणारी माणसेही त्याच समाजातील. गप्प बसणे सोयीचे होते. प्रकरण विलायतेच्या पार्लमेंटापर्यंत गेले आणि गव्हर्नर सँडहर्स्टच्या सरकारने आरोप नाकारले. चारच वर्षांपूर्वी ज्या पुण्याने त्यांना दूर लोटले होते त्याच पुण्याच्या लेकीबाळींची बाजू त्या मांडीत होत्या.

आता जो आक्षेप श्रोत्यांच्या मनात केव्हापासून घोळत असेल त्याकडे वळू. दुष्काळात दिलेल्या भाकरीची किंमत धर्मांतराने वसूल केली, असे मिशनांविषयी म्हटले जाते. केडगावच्या बहुसंख्य मुली पुढे ख्रिस्ती झाल्या, ही गोष्ट खरी आहे. अनेक मिशनांचे त्या काळचे अहवाल बाप्तिस्म्यांचे आकडे मोठ्या समाधानाने देतात, हेही खरे. याला ‘मग तुम्ही का नाही गेलात?’ असे उलट विचारून गप्प करता येते, पण ते उत्तर पुरेसे नाही. आणि काही लोक गेलेही होते. कर्व्यांनी १८९६ मध्ये अनाथ बालिकाश्रम काढला. उत्तरेत लाला लजपतराय यांनी आणि आर्य समाजाने दुष्काळी पोरक्या मुलांसाठी मोठे काम उभे केले.

या आक्षेपाला कसोटी लावायची तर ती ख्रिस्ती ग्रंथातीलच लावावी. मत्तयाच्या शुभवर्तमानात अखेरच्या न्यायाचा दाखला आहे. राजा उजवीकडच्यांना सांगतो की, मी भुकेला होतो, तहानेला होतो, उघडा, आजारी, बंदिवान होतो; तुम्ही माझी काळजी घेतली. ते लोक चकित होऊन विचारतात की, हे आम्ही केव्हा केले? राजा उत्तर देतो की, अगदी क्षुल्लक समजल्या जाणाऱ्या माणसासाठी केलेत तेच माझ्यासाठी केलेत. या दाखल्यात दोन गोष्टी आहेत. राजा त्यांना कोणत्या मताचे ते विचारीत नाही. आणि त्यांना स्वतःला आपण काही पुण्य करीत आहोत याचा पत्ताच नव्हता. हा दुसरा भाग मला फार महत्त्वाचा वाटतो. ज्याने भाकर देताना हिशेबाची वही उघडी ठेवली, मग ती पुण्याची असो की बाप्तिस्म्यांची, तो या दाखल्याच्या बाहेर पडला. या मापाने पाहिले तर दुष्काळातील डोकी मोजणारे अहवाल ख्रिस्ती दृष्टीनेच कमी भरतात. रमाबाईंनी आपल्या श्रद्धेचा उपदेश उघडपणे केला, तो त्या लपवीतही नव्हत्या. लहान, आसरा नसलेल्या मुलीला त्या उपदेशाला ‘नाही’ म्हणणे कितपत शक्य होते, ही शंका राहतेच. पण रस्त्यावरून उचलताना ‘तू ख्रिस्ती होशील काय?’ असे विचारून त्यांनी कोणाला उचलले नाही, हे मान्य करावेच लागते.

रमाबाईंच्या समकालीनांत दुसरे नाव रेव्हरंड नारायण वामन टिळकांचे. त्यांच्यावर आलेला कठीण काळ निराळ्या प्रकारचा होता. १८९५ च्या फेब्रुवारीत त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि त्यांचे घर दुभंगले. लक्ष्मीबाई लहान दत्तूला घेऊन काही वर्षे निराळ्या राहिल्या. पुढे त्या नगरला पतीकडे आल्या, पण स्वयंपाक आपला, पाणी आपले, सोवळे आपले. टिळकांनी जबरदस्ती केली नाही. आणि एके दिवशी, जातिभेद देवाने केलेला नसून माणसांनी केलेला आहे हे मनाला पटताच, मीठसुद्धा धुऊन घेणाऱ्या घरातील या लेकीने ते सारे एकदम टाकून दिले. त्यानंतर त्यांनी बाप्तिस्मा घेतला. क्रम पाहावा: धर्म बदलण्याच्या आधी माणसाकडे पाहण्याची नजर बदलली.

आता धरणगावच्या मुलाची हकीकत. १९०७ साली जळगावला कविसंमेलन भरले. त्यात सतरा वर्षांच्या त्र्यंबक बापूजी ठोमऱ्याने कविता म्हटल्या आणि अध्यक्ष कीर्तिकरांनी त्याला ‘बालकवी’ म्हटले. टिळकांनी या मुलाला ओळखले, आपल्याकडे नगरला नेले, आणि त्यांच्या घरात तो वाढला. लक्ष्मीबाईंनी ‘ठोमरे’ म्हणून त्याच्याविषयी जी पाने लिहिली आहेत ती आईच्या मायेने लिहिलेली आहेत. ठोमरे ख्रिस्ती झाला नाही. कोणी त्याला व्हायलाही लावले नाही. १९१८ च्या मे महिन्यात भादली स्टेशनाजवळ आगगाडीखाली त्याचा अंत झाला. वर दुष्काळी धर्मांतराचा विषय काढला म्हणून मुद्दाम सांगतो: त्याच काळात, त्याच मिशनच्या आवारात हेही घडत होते.

१९१७ साली टिळकांनी मिशनची नोकरी सोडली. पगाराचा आधार गेला. ‘देवाचा दरबार’ या नावाने त्यांनी एक बंधुसंघ मांडला; त्यात ख्रिस्ताचा शिष्य म्हणवून घेणाऱ्या कोणालाही, बाप्तिस्मा घेतलेला असो वा नसो, जागा होती. जो विधी घेण्यासाठी त्यांनी घरदार आणि जात सोडली त्याच विधीविषयी बावीस वर्षांनी त्यांनी ही भूमिका घेतली, याचे मोल विसरता कामा नये. हा दरबार फार चालला नाही. १९१९ च्या मे महिन्यात टिळक गेले.

हे सर्व जुन्या काळचे झाले असे कोणी म्हणेल. १९७२ चा दुष्काळ पाहिलेली माणसे आजही आहेत. तांबडी मिलो ज्वारी आणि सुकडी ज्यांनी खाल्ली त्यांना त्याचे वर्णन सांगायला नको. त्या काळात नगर जिल्ह्यात फादर हर्मन बाखर नावाचे स्विस जेझुइट पाद्री काम करीत होते. धान्यवाटप त्यांनीही पाहिले. पण दर दुष्काळाला गोणी उतरवून घेणे हा त्या जमिनीवरचा उपाय नव्हे, पावसाचे पाणी डोंगरावरच अडविले पाहिजे, या विचाराकडे ते वळले. समपातळीचे चर, बांधबंदिस्ती, झाडे, गावाचे श्रमदान, मोकाट चराईला आणि कुऱ्हाडीला बंदी, अशा रीतीने पाणलोट विकासाचे मोठे काम त्यांच्या प्रेरणेने उभे राहिले, आणि १९९३ साली त्यातूनच एक स्वतंत्र संस्था निघाली. त्या गावांतले बहुसंख्य लोक ख्रिस्ती नव्हते, आणि बांध घालताना तो प्रश्न कोणाला पडला असेल असे वाटत नाही. आपल्या बाजूला नवापूर तालुक्यातील चिंचपाड्याच्या ख्रिस्ती रुग्णालयातही आदिवासी आजारी माणूस औषधासाठी जातो, त्याला कोणी मत विचारीत नाही.

२०२० साली जी साथ आली तिने ख्रिस्ती मंडळींपुढे हा प्रश्न अगदी उघडा मांडला. त्या वर्षी ईस्टरचा रविवार १२ एप्रिलला आला, आणि देशभर टाळेबंदी असल्यामुळे चर्चची दारे बंद राहिली. गाणे नाही, प्रभुभोजन नाही, एकत्र येणे नाही. काहींना वाटले की, उपासनाच संपली. काहींनी शेजारच्या उपाशी घरात डबा पोचविला आणि फोनवरून प्रार्थना केली. एकत्र उपासनेचे महत्त्व मी कमी लेखीत नाही. माणूस एकट्याने फार काळ श्रद्धा टिकवू शकत नाही. पण दार बंद झाल्यावर काय उरते, हे त्या एका रविवारी पुष्कळांना पाहावे लागले.

दुष्काळ आणि साथी यांची गोष्ट वेगळी. तेथे निदान सारे गाव एकाच संकटात असते. ज्या दुःखात माणूस एकटाच असतो तेथे ही पारख अधिक अवघड. रमाबाईंवर ती वेळ अखेरीस आली. पूर्वीची मराठी बायबल-भाषांतरे खेड्यातल्या, थोडेच शिकलेल्या बाईला कळत नाहीत, असे त्यांचे मत होते. म्हणून उतारवयात त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या आणि संपूर्ण बायबल सोप्या मराठीत उतरविण्याचे काम त्यांनी हाती घेतले. ज्या बाईची संस्कृतावर जन्मजात सत्ता होती तिने शब्दाशब्दाला संस्कृत टाळून साधा शब्द शोधावा, हीही एक पारखच होती. भाषांतर म्हणून ते सर्वत्र जमले आहे असे म्हणवत नाही. सोपेपणासाठी वाक्य कित्येकदा अवघडते. जुळारी, छपाई, पाने लावणे ही कामे केडगावच्या मुलीच करीत. एकेकाळी हातकागदासाठी नावाजलेल्या आपल्या गावाला त्यातले श्रम समजावून सांगायला नकोत. खिळे जुळविणाऱ्या त्या मुलींत दुष्काळात उचलून आणलेल्या मुलीही होत्या. १९२१ च्या जुलैमध्ये मनोरमा वारली. तीच एक लेक, आणि केडगावचे काम पुढे तिच्याच हाती जायचे होते. रमाबाई तेव्हा त्रेसष्ट वर्षांच्या होत्या, कानांनी फार कमी ऐकू येत असे. त्यांनी मुद्रिते तपासण्याचे काम चालू ठेवले. १९२२ च्या ५ एप्रिलला त्या गेल्या, आणि संपूर्ण ग्रंथ केडगावच्या छापखान्यातून १९२४ साली बाहेर पडला.